‘बँकेची अट आहे’ म्हणाले, तर पुढे काय विचारायचं?

‘साहेब म्हनते का जागतिक बँकेची अट हाय, आमच्या हातात काही नाही.’ बुलढाण्याकडचे एक सरपंच मला अधूनमधून फोन करतात, तेव्हा बोलणं इथूनच सुरू होतं. मी त्यांना उलट एकच विचारते : अट कुठल्या कागदावर आहे? ‘कागद तं दाखवला नाही’ हे उत्तरही ठरलेलं.

मी मंत्रालयात कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. ‘बाह्य सहाय्यित प्रकल्प’, म्हणजे बाहेरच्या संस्थांच्या पैशावरचे प्रकल्प, असं कव्हरवर लिहिलेल्या नस्त्या (फायली) नोकरीत भरपूर हाताळल्या. सार्वभौमत्व, जागतिकीकरण यांवर परिसंवादात बोलणारे बोलोत. टेबलावर प्रत्यक्षात काय होतं ते मी पाहिलंय. राज्य शासन म्हणतं अट बँकेची. बँक म्हणते अंमलबजावणी राज्याची. केंद्र म्हणतं, आम्ही फक्त करारावर सही केली. तिघंही थोडं थोडं खरं बोलतात, म्हणूनच कोणाला पकडता येत नाही. नागरिकाने करायचं काम एवढंच, की ज्या निर्णयाचा आपल्याला त्रास होतोय त्याचा कागद, तारीख आणि सही शोधायची. हे घरबसल्या, फार खर्च न करता जमतं. कसं, ते सांगते.

आधी पैशाची वाट समजून घ्या

राज्यघटनेच्या कलम २९३ प्रमाणे राज्याला कर्ज काढता येतं ते देशातल्या देशात. परदेशी कर्जं हा संघसूचीतला विषय, आणि केंद्राचा कर्ज काढण्याचा अधिकार कलम २९२ मध्ये. त्यामुळे पैसा विदर्भातल्या शेततळ्यासाठी येवो की मुंबईच्या रस्त्यासाठी, जागतिक बँकेच्या कर्जकरारात कर्जदार म्हणून नाव असतं भारताचं. त्यावर सही केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाची. राज्याचा अधिकारी सही करतो तो वेगळ्या प्रकल्प करारावर. म्हणजे कागद दोन आणि सह्याही दोन. पुढे अर्ज करताना दोन्हींची नावं लागतील.

संसदेची मंजुरी या करारांना लागत नाही. अमेरिकेत आंतरराष्ट्रीय तहाला सिनेटच्या हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांशांची संमती लागते. आपल्याकडे करार करणं हे सरकारचं, म्हणजे कार्यकारी मंडळाचं काम आहे. करार अमलात आणायला कायदा करावा लागला, तर कलम २५३ खाली संसद मध्ये येते. एरवी खासदारालासुद्धा करार झाल्यावर कळतं, तेही त्याने विचारलं तर.

पण फेडतं कोण? २००५ पूर्वी केंद्र हा पैसा आपल्यासारख्या राज्यांना रुपयांत, ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के अनुदान असा देत असे. बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर कर्ज जसं येतं तसंच राज्याच्या गळ्यात जातं. ‘बॅक टू बॅक’ म्हणतात त्याला. व्याज तेच, मुदत तीच, आणि डॉलर महागला तर वाढलेला बोजाही राज्याचा. विधानसभेत कुणी ‘हा केंद्राचा विषय आहे’ म्हणून प्रश्न टोलवला, तर आमदाराच्या हातात हा मुद्दा द्या. सही केंद्राची असली तरी हप्ता महाराष्ट्राच्या तिजोरीतून जातो.

शासन निर्णय वरून खाली नाही, दोन टोकांकडून वाचा

शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार मिळतात. बहुतेक जण मधला ‘शासन निर्णय :’ हा भाग वाचून थांबतात. मी सांगेन, आधी डोकं आणि शेपूट वाचा.

डोक्याशी ‘वाचा :’ असा मजकूर असतो. तिथे आधीचे शासन निर्णय, केंद्राची पत्रं, कर्जकराराची तारीख असा क्रम लागलेला असतो. त्यात बँकेच्या पत्राचा किंवा कराराचा उल्लेख असेल, तर ‘बँकेची अट’ या म्हणण्यात तथ्य असू शकतं. फक्त आधीचे शासन निर्णयच असतील, तर ही अट राज्याने स्वतःच आधी कधीतरी घातलेली असण्याची दाट शक्यता. ‘वाचा’मधला एकेक संदर्भ उघडत मागे जा. तीन-चार पायऱ्या उतरलात की मूळ सापडतं.

शेपटाशी ‘वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक, दिनांक तमुक अन्वये’ अशी ओळ असते. पैशाच्या निर्णयाला वित्त विभागाची सहमती कधी मिळाली ते यातून कळतं. हा क्रमांक माहिती अधिकाराच्या अर्जात टाकलात, की समोरच्या लिपिकाला नस्ती ‘सापडत नाही’ म्हणणं अवघड जातं. त्याखाली ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ आणि सही करणाऱ्याचं पदनाम. वॉशिंग्टनचं, म्हणजे बँकेचं, नाव तिथे कधीच नसतं. गावात लागू होणारा प्रत्येक नियम शेवटी आपल्याच शासनाच्या सहीने लागू होतो, ही गोष्ट पहिल्यापासून डोक्यात पक्की ठेवा.

मग बँकेचे कागद

जागतिक बँकेने २०१० पासून माहिती खुली करण्याचं धोरण लागू केलं आहे. यादीत असलेल्या अपवादांपैकी नसेल ते सगळं जाहीर, असा तिचा नियम. प्रत्येक प्रकल्पाला इंग्रजी ‘पी’ अक्षर आणि सहा आकड्यांचा क्रमांक असतो. बँकेच्या संकेतस्थळावर देश भारत निवडून प्रकल्पाचं इंग्रजी नाव टाका, क्रमांक मिळेल. ‘पोकरा’, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, शोधून बघा : २०१८ मध्ये मंजूर झालेलं ४२ कोटी डॉलरचं कर्ज. त्या पानावर करारापासून प्रगती अहवालापर्यंत बरंच काही उघडं पडलेलं दिसेल.

सगळं वाचायला बसलात तर दिवाळी येईल. तीन कागद पुरेत. पहिला प्रोजेक्ट अप्रेझल डॉक्युमेंट, ज्यात प्रकल्प का आणि कसा हे बँकेने आपल्या संचालक मंडळाला समजावलेलं असतं. दुसरा कर्जकरार. त्याची दुसरी अनुसूची काढा. अंमलबजावणी कशी करायची, कोणती समिती नेमायची, पैसा कोणत्या अटीवर सुटणार, हे सगळं तिथे आहे. तिसरा पर्यावरण व सामाजिक बांधिलकीचा आराखडा. ऑक्टोबर २०१८ नंतर सुरू झालेल्या कर्जांना तो लागतो. जमीन, विस्थापन, आदिवासी, तक्रार निवारण या बाबतीत सरकारने बँकेला काय कबूल केलंय ते त्यात तारखांसह असतं. इंग्रजी कटकटीचं आहे, पण गावातल्या बारावीच्या पोराला शेजारी बसवलं तर निभतं. हल्ली फोनवरही ढोबळ भाषांतर होतं. कलमाचा क्रमांक मात्र मूळ प्रतीतलाच लिहून घ्या.

आता खरी मेख. गावपातळीवर ज्या अटींनी जीव मेटाकुटीला येतो (अर्ज कोणत्या नमुन्यात, स्वहिस्सा किती, पूर्वसंमतीनंतर किती दिवसांत काम करायचं) त्या कर्जकरारात सहसा नसतातच. त्या असतात प्रकल्प अंमलबजावणी पुस्तिकेत. आणि ती पुस्तिका लिहितं राज्याचं प्रकल्प कार्यालय. बँक तिला ‘ना हरकत’ देते. बदल करायचा असला तर राज्याने प्रस्ताव पाठवायचा आणि बँकेने पुन्हा ना हरकत द्यायची. म्हणून ‘आमच्या हातात काही नाही’ याच्यावर माझा ठरलेला प्रश्न असतो : बदलाचा प्रस्ताव पाठवला होता का, कोणत्या तारखेला? बहुतेक वेळा पाठवलेलाच नसतो.

लोकवर्गणीचं उदाहरण

जलस्वराज्य प्रकल्प आठवत असेल. २००३ मध्ये जागतिक बँकेचं १८.१ कोटी डॉलरचं कर्ज, २६ जिल्हे. गावाने नळयोजनेच्या खर्चाच्या १० टक्के लोकवर्गणी भरायची, आदिवासी गावांनी ५ टक्के. समितीत निम्म्या बायका, ग्रामसभेआधी महिलांची सभा. तेव्हा गावोगावी ऐकू यायचं, ‘पाण्याला पैसे मागतात, ही जागतिक बँकेची अट.’ विरोधकांनाही हे वाक्य सोयीचं होतं आणि सत्ताधाऱ्यांनाही.

तारखा लावून पाहा. मागणीनुसार योजना आणि गावाचा आर्थिक सहभाग हे धोरण महाराष्ट्राने स्वीकारलं ते जुलै २००० च्या शासन निर्णयाने, म्हणजे कर्ज मिळण्याच्या तीन वर्षं आधी. केंद्राने १९९९ मध्ये निवडक जिल्ह्यांत हेच सुरू केलं होतं आणि डिसेंबर २००२ मध्ये ‘स्वजलधारा’ नावाने देशभर नेलं. तिथेही वर्गणी १० टक्केच. मग बँक यातून मोकळी? तसंही नाही. उत्तर प्रदेशात १९९६ पासून बँकेच्याच कर्जावर ‘स्वजल’ प्रकल्प चालला होता आणि ही कल्पना तिथे वापरून झाली होती. विचार बँकेच्या वर्तुळातून दिल्लीत, दिल्लीतून मुंबईत आणि मुंबईतून शासन निर्णयात आला. कर्जकरारात तो आला तेव्हा तो राज्याचं स्वतःचं धोरण झालेला होता.

प्रभाव बाहेरचा असतो, हे मान्य करायचं. पण सही आपल्या माणसाची असते, आणि जाब सही करणाऱ्याकडे मागायचा. बँकेला शिव्या देणं सोपं आहे. तिला निवडणूक लढवायची नसते, त्यामुळे तिला त्याचं काहीच वाटत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज

महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. ‘का’, ‘कशामुळे’ असे प्रश्न विचारू नका, ते ‘माहिती या व्याख्येत बसत नाही’ म्हणून परत येतात. प्रत मागा. माझा नमुना असा :

‘विषय : अमुक प्रकल्पातील लाभार्थी हिश्शाची अट. आवश्यक माहिती : (१) सदर अट ज्या शासन निर्णय / परिपत्रकान्वये लागू करण्यात आली त्याची प्रत. (२) सदर अट कर्जकरार, प्रकल्प करार किंवा प्रकल्प अंमलबजावणी पुस्तिकेच्या ज्या परिच्छेदात नमूद आहे त्या पानाची प्रत. (३) पुस्तिकेत बदल करण्यासाठी बँकेस पाठविलेले प्रस्ताव व बँकेने दिलेली ना हरकत (पत्र / ई-मेल) यांच्या प्रती. (४) संबंधित नस्तीतील टिपणी भागाच्या प्रती. (५) मागील दोन वर्षांतील बँक पथकाच्या भेटींच्या इतिवृत्तांच्या प्रती.’

चौथा मुद्दा विसरू नका. नस्तीला दोन बाजू असतात. एकीकडे आलेली-गेलेली पत्रं आणि दुसरीकडे टिपणी. पत्रात सगळं गोड गोड असतं. खरं काय ते टिपणीत, समासातल्या शेऱ्यांत आणि ‘चर्चा करावी’ एवढंच लिहून खाली मारलेल्या आद्याक्षरांत. पाचव्या मुद्द्यातलं इतिवृत्त, ज्याला प्रकल्पाचे लोक ‘एड-मेमॉयर’ म्हणतात, हे बँकेचं पथक दौऱ्यानंतर देतं. कुठे काम रखडलं, सरकारने काय कबूल केलं, हे त्यात तारखेसकट असतं.

उत्तराची मुदत ३० दिवस. मग पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत माहिती आयोगाकडे, प्रत्येकी २० रुपयांचा स्टॅम्प. नकार आलाच तर बहुधा कलम ८(१)(अ), ‘परकीय राज्याशी संबंध’, किंवा ८(१)(फ), ‘परकीय सरकारकडून विश्वासाने मिळालेली माहिती’, दाखवून येतो. अपिलात सरळ लिहा : जागतिक बँक हे परकीय सरकार नाही, भारत स्वतः तिचा भागधारक आहे. आणि करार बँकेनेच जाहीर केलेला असेल, तर त्याची छापील प्रत अपिलाला जोडा. जे साऱ्या जगाला उघडं आहे ते एकट्या अर्जदाराला गुप्त कसं, यावर समोरच्याकडे फारसं उत्तर नसतं. काही भाग खरोखरच गोपनीय असेल तर तेवढा झाकून बाकीचा द्यावा, असं कलम १० सांगतं. व्यापक जनहितासाठी अपवादही बाजूला ठेवता येतो, ते कलम ८(२).

बँकेला आपला माहिती अधिकार कायदा लागू नाही. तिच्याकडे तिच्याच धोरणाखाली अर्ज करायचा, ऑनलाइन, फुकट. माझा अनुभव, बँकेकडून उत्तर लवकर येतं आणि त्यात कामाचं कमी असतं. आपल्या कार्यालयाकडून उशिरा येतं, पण एखादं पान असं निघतं की सगळा उलगडा होतो.

कागद हातात आल्यावर

ग्रामसभेपुढे ठेवा. ठराव ‘प्रकल्पाला विरोध’ एवढाच केलात तर तो विकासविरोधी म्हणून बाजूला ठेवतात. ‘अमुक परिच्छेदानुसार गावाशी सल्लामसलत होणं आवश्यक होतं, ती कोणत्या तारखेला झाली, कोण उपस्थित होतं, इतिवृत्त द्यावं, तोवर काम सुरू करू नये’ असा केलात तर त्याला उत्तर द्यावं लागतं. अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या गावांच्या हातात तिथल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम ४१ आहे, तिथे ठरावाचं वजन आणखी.

आमदाराकडे जाताना अर्ज नेऊ नका, तयार प्रश्न न्या. मंत्र्यांनी सभागृहात दिलेलं उत्तर कायमचं नोंदलं जातं, आणि ते चुकलं तर अधिकाऱ्याची खैर नसते. तारांकित प्रश्नाच्या उत्तराची टिपणी आली की कक्षात काय धावपळ उडते, ती मी पाहिलेली आहे. प्रश्न आकड्याचा आणि तारखेचा असावा : आजवर कर्जाची किती रक्कम उचलली, किती बाकी, न उचललेल्या रकमेवर किती शुल्क भरलं. खासदारांनी हाच प्रश्न अर्थ मंत्रालयाला विचारावा.

आणखी एक जागा लोक विसरतात. जागतिक बँकेच्या संचालक मंडळात २५ कार्यकारी संचालक असतात. त्यातला एक भारत, बांगलादेश, भूतान आणि श्रीलंका या गटाचा. तिथे मतं भागभांडवलावर मोजतात. अमेरिकेकडे १५ टक्क्यांहून अधिक, भारताकडे ३ टक्क्यांच्या आसपास. देश छोटा असो की मोठा, एक देश एक मत, हा हिशेब तिथे नाही. तरी खुर्ची आहे, आणि ती फार जुनी आहे. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत ही बँक जन्मली तेव्हा भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, आपल्या रायगडचे चिंतामणराव देशमुख होते. देश स्वतंत्रही झाला नव्हता. कार्यकारी संचालकाला पत्र पाठवता येतं, आणि त्याची प्रत आर्थिक व्यवहार विभागाला द्या.

शेवटचं दार : इन्स्पेक्शन पॅनल

हे दार उघडलं ते नर्मदेच्या खोऱ्यामुळे. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले. विस्थापितांच्या लढ्यामुळे बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. बँकेनेच स्वतःचे नियम पाळले नाहीत, असं त्या समितीने जून १९९२ मध्ये लिहून दिलं. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले १७ कोटी डॉलर नकोत म्हणून कळवलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकेच्या संचालक मंडळाने इन्स्पेक्शन पॅनल, म्हणजे बँकेने आपले नियम पाळले का ते तपासणारं मंडळ, स्थापन केलं. आज जगात कुठल्याही देशातला बाधित माणूस तिथे तक्रार करतो.

आणि त्याच १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं. अक्कलकुवा तालुक्यातलं, तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यातलं हे गाव, महाराष्ट्रातल्या ३३ बाधित गावांपैकी पहिलं. बँक निघून गेली, धरण थांबलं नाही. ते देशाच्या पैशावर पुरं झालं. बाहेरचा दबाव पैशाबरोबर येतो आणि पैशाबरोबर जातो. म्हणून तर ग्रामसभा, विधिमंडळ, माहिती आयोग हे आधी सांगितलं. ते कुठे जात नाहीत.

पॅनलचा उपयोग कसा होतो, याचं आपल्याकडचं उदाहरण कुर्ल्याचं. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाला २००२ मध्ये बँकेचे ५४.२ कोटी डॉलर मिळाले. त्यात सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता होता. त्यासाठी हलवल्या जाणाऱ्या कुर्ल्याच्या दुकानदारांनी आणि रहिवाशांनी २००४ मध्ये पॅनलकडे तक्रारी केल्या. मोफत मिळणारी जागा २२५ चौरस फुटांची. वर्कशॉप, गोदाम, गिऱ्हाइकाची ये-जा असणारा धंदा तिथे कसा चालणार, हे कोणी पाहिलं नव्हतं. डिसेंबर २००५ च्या अहवालात पॅनलने बँकेवर ठपका ठेवला. बाधितांची संख्या आधीच्या ८० हजारांवरून १ लाख २० हजारांपर्यंत गेल्याचंही त्यात आलं. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचा पैसा रोखला आणि सुधारणा कबूल झाल्यावर जूनअखेर पुन्हा सोडला. चार महिने. त्या चार महिन्यांत जेवढं ऐकून घेतलं गेलं तेवढं त्याआधी ऐकलं गेलं नव्हतं. रस्ता शेवटी २०१४ मध्ये खुला झाला.

तक्रार करायला प्रकल्पक्षेत्रातली किमान दोन माणसं लागतात. वकील लागत नाही, फी नाही, मराठीतून लिहिलेली चालते. पत्रात लिहायचं : आम्ही कोण, कुठे राहतो, प्रकल्प कोणता, आमचं काय नुकसान झालं किंवा होणार आहे, आणि बँकेने काय करायला हवं होतं जे केलं नाही. नियमाचा क्रमांक माहीत नसला तरी अडत नाही. एक गोष्ट मात्र हवीच : तुम्ही आधी बँकेच्या लोकांना कळवलं होतं आणि समाधान झालं नाही, याचा पुरावा. म्हणून गावात पथक येईल तेव्हा हातात निवेदन द्या, पोच घ्या, फोटो काढा, आणि दिल्लीच्या कार्यालयाला ई-मेलही टाका. नावं गुप्त ठेवायची असतील तर तसं पत्रातच लिहा. जिथे ठेकेदार आणि पुढारी एकाच घरातले असतात तिथे मी हाच सल्ला देते.

पॅनल काय करत नाही, तेही ऐका. ते काम थांबवण्याचा आदेश देत नाही, भरपाई ठरवत नाही, आणि आपल्या सरकारची चौकशी तर मुळीच करत नाही. चौकशी बँकेची, बँकेच्याच नियमांवर. म्हणून ‘तुम्ही परकीयांकडे देशाची तक्रार करता’ असं कोणी डोळे वटारून म्हणालं, तर शांतपणे सांगा की तक्रार सावकाराची आहे आणि सावकाराच्या मालकांत आपला देशही आहे. २०२० पासून चौकशीआधी मध्यस्थीचा पर्यायही देतात. मध्यस्थीला बसणार असाल तर जे कबूल होईल ते लेखी घ्या, तोंडी आश्वासनावर उठू नका.

खासगी कंपनीला कर्ज देणारी बँकेची शाखा, आयएफसी, या पॅनलखाली येत नाही. तिच्यासाठी सीएओ हे वेगळं कार्यालय आहे. कच्छमधल्या मुंद्रा वीजप्रकल्पाच्या परिसरातले मच्छीमार आधी तिथे गेले, मग अमेरिकेच्या कोर्टात. अशा संस्थांना खटल्यापासून सरसकट संरक्षण नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये दिला. पुढे खालच्या कोर्टात तो दावा टिकला नाही. म्हणजे दरवाजा उघडला, पण आत बसायला जागा मिळाली नाही. आशियाई विकास बँक, एआयआयबी (आशियाई पायाभूत गुंतवणूक बँक) आणि जपान सरकारची कर्ज देणारी संस्था जायका यांचीही स्वतःची तक्रार यंत्रणा आहे, नियम जरा जरा वेगळे. पैसा कोणाचा आहे हे नक्की केल्याशिवाय पत्र टाकू नका. चुकीच्या पत्त्यावर दोन महिने सहज जातात.

मुदतीचं शेवटचं. पूर्वी कर्जाचा ९५ टक्के पैसा उचलला गेला की पॅनलचं दार बंद व्हायचं. २०२० मध्ये मंजूर झालेल्या बदलानंतर कर्ज बंद होण्याच्या तारखेपासून १५ महिन्यांपर्यंत तक्रार करता येते. ती तारीख कर्जकराराच्या दुसऱ्या अनुसूचीत, पैसे उचलण्याच्या भागाच्या शेवटी असते. प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली असेल तर तारीख बदललेली असते आणि जुन्या करारात ती दिसत नाही. तेव्हा प्रकल्पाच्या पानावर रिस्ट्रक्चरिंग पेपर नावाचा कागद आहे का ते बघा, त्यातली तारीख घ्या आणि त्यात १५ महिने मिळवून भिंतीवरच्या कालनिर्णयात खूण करा.